सहा तासांचं वर्तुळ

दामोदर सोनवणे सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मुंबईहून नैरोबीला विमान किती वेळात पोचतं, टोकियोला किती लागतो, वारा समोरून असला तर त्यात किती मिनिटं वाढतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. स्वतः सर नाशिकच्या पलीकडे कधी गेले नव्हते. विमान त्यांनी पाहिलं होतं ते आकाशात, आणि जळगावच्या आकाशातून विमानं फार उंचावरून जातात.

मी त्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी शिक्षकखोलीत गेलो तर एक मध्यम उंचीचे, पांढऱ्या मनिल्यातले गृहस्थ पृथ्वीच्या गोलाला सुती दोरा लावत बसलेले. मला वाटलं, गोलाला तडा गेला असावा आणि हे तो बांधत असावेत. मी नमस्कार केला. त्यांनी मान वर न करता समोरची खुर्ची दाखवली.

"बसा. लिस्बनला चाललोय."

गोल बारा इंची होता. कुणा देणगीदाराने शाळेला दिलेला. त्या दात्याचं नाव आफ्रिकेच्या डावीकडे समुद्रात ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, त्यामुळे अटलांटिक महासागरात त्या नावाचं एक बेट आहे असं आमच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटे. एकाने ते परीक्षेत लिहिलं होतं आणि मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून त्याला अर्धा गुण द्यावा लागला होता. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे चारशे अठरा किलोमीटर, हा हिशेब सरांनी काढून ठेवला होता. दोरा ताणायचा, पट्टीवर मोजायचा, गुणायचं, मग विमानाच्या वेगाने भागायचं. एवढ्यावर ते थांबत नसत. "आता हवेचं बघू," म्हणत आणि पश्चिमेला जाणाऱ्या विमानाच्या वेळेत भर घालत. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. रद्दीवाल्याकडून त्यांनी विमानकंपन्यांची जुनी वेळापत्रकं मिळवली होती. आपला आकडा त्यातल्या आकड्याच्या दहा मिनिटं इकडेतिकडे आला की त्यांना दिवसभर पुरेल इतका आनंद व्हायचा.

वर्गात ते मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून दाखवत. मुलांना वाटे तो सरळ डावीकडे जाईल, अरबस्तानावरून. तो मात्र उत्तरेला वळून रशियावरून बर्फात शिरे. "ताणलेल्या दोऱ्याला जवळची वाट बरोबर सापडते," सर म्हणत. मग तोच दोरा जळगाव आणि मुंबईच्या मध्ये धरत. तिथे पुरता एक सेंटिमीटरसुद्धा भरत नसे.

गावाला सरांची गरज पडू लागली ती एका रिवाजामुळे. आमच्याकडे घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढत नाहीत. असोद्याला जाणाऱ्यासाठी ही अडचण अर्ध्या तासाची, धुळ्याला जाणाऱ्यासाठी अडीच तासांची. पण गावातली एक-दोन मुलं अमेरिकेला जायला लागली आणि घराघरातल्या बायकांपुढे प्रश्न उभा राहिला, की झाडू हातात घ्यायचा कधी?

पहिला खटला सुगनचंदशेठच्या घरचा. यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले, कापडाचं मोठं दुकान. मुलगा किशोर शिकायला न्यूयॉर्कला निघाला तेव्हा त्यांनी दीडशे माणसांना जेवण दिलं. पुष्पगुच्छ झाले, भाषणं झाली, एका वक्त्याने किशोरची तुलना समुद्र ओलांडणाऱ्या मारुतीशी केली. किशोर परत येईल की नाही याविषयी मारुतीची उपमा काही सुचवत होती का, हा विचार त्या घाईत कुणी केला नाही. दुसऱ्या दिवशी घरात केळीची पानं, झेंडूच्या पाकळ्या आणि शेंगांची टरफलं यांचा थर, आणि किशोरची आजी, म्हणजे दादीसा, झाडू मांडीखाली घेऊन बसलेली.

सरांनी हिशेब दिला होता. विमान मुंबईहून रात्री अडीचला सुटणार, लंडनला थांबणार, न्यूयॉर्कला टेकणार ते सुटल्यापासून वीस तास पस्तीस मिनिटांनी. किशोर निघण्याआधी शेठजींनी तिकीट पाहिलं होतं. त्यावर सुटायची वेळ रात्री अडीच आणि पोचायची दुपारी एक पस्तीस छापलेली. म्हणजे अकरा तास. मास्तरांना विमानातलं काय कळतं, असं म्हणून त्यांनी एक पस्तीस वाजता दादीसाच्या मांडीखालून झाडू काढून घेतला. अमेरिकेतलं एक पस्तीस आणि जळगावातलं एक पस्तीस वेगळं असतं, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. इतक्या मोठ्या खर्चाच्या प्रवासात वेळ तरी सगळीकडे एकच असावी अशी त्यांची साधी अपेक्षा होती.

मधल्या सुट्टीत सर तिथून जात होते. दारातून धूळ बाहेर येताना पाहून ते पायरीवर थांबले.

"शेठजी," ते म्हणाले, "किशोर आत्ता लंडनला बाकावर बसलाय. पुढचं विमान अजून सुटायचंय."

शेठजी हसले. दादीसा हसली नाही. आठवड्याने पत्र आलं की किशोर सुखरूप आहे, पण त्याची मोठी बॅग लंडनहून पुढे आलीच नाही. ती बॅग आपण केरात काढली, असं दादीसाने जाहीर केलं. त्यानंतर तिचा मुलापेक्षा सोनवणे सरांवर जास्त विश्वास बसला आणि तिच्यामुळे गावाचाही. लोक विमानाचा कागद घेऊन शाळेत येऊ लागले. सर चिठ्ठीवर लिहून देत: "केर उद्या सकाळी ७.४० नंतर."

आकड्याच्या बाबतीत ते कुणाची भीड ठेवत नसत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष परदेशी केळीबागा पाहून आले तेव्हा त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि स्वतःच्याच संस्थेने स्वतःला दिलेलं मानपत्र. भाषणात ते म्हणाले की मुंबईहून बसलो आणि चार तासांत लंडन. तिसऱ्या रांगेतून सर उठले. सभागृहाला वाटलं, आभार मानायला.

"साहेब, दहा तास," ते नम्रपणे म्हणाले. "मधले सहा तास आपल्याला झोप लागली असेल."

पुढची कित्येक वर्षं जेवणानंतरचा चौथा तास त्यांच्या वाट्याला आला. त्या तासाला मुलंही झोपतात आणि भूगोलही. सरांनी तक्रार केली नाही. आकडा चार नव्हताच, एवढंच ते म्हणाले.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला बाकीचं कळलं. आम्ही एकाच गल्लीत राहायचो, दोन घरं सोडून. घरात सर आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. सरांपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. अक्का मूळच्या पारोळ्याकडच्या बोलीत बोलायच्या आणि सरांना दामू म्हणायच्या. सर दोन वर्षांचे असताना त्यांचे वडील पारोळ्याहून धुळ्याला जायला निघाले. ते दिसेनासे झाल्यावर बारा वर्षांच्या अक्कांनी अंगण झाडलं, रोज झाडायच्या तसं. वडील धुळ्याला पोचलेच नाहीत. वाटेत छातीत कळ आली आणि गेले. अक्कांना कुणी बोललं नाही, पण त्यांना बोलायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. पुढे आई गेली, अक्कांचा नवराही लवकर गेला, आणि त्यांनी दामूला वाढवलं. तेव्हापासून दामू वाटेवर असला की अक्का केर तर काढत नसतच, पण घासही घेत नसत, पाणीही नाही.

सर कुठेही निघाले की वेळ सांगून जात. धुळ्याला दोन तास पस्तीस मिनिटं. तेवढा वेळ झाला की अक्का जेवायला बसत. पोचल्याची तार नको, फोन नको. दामूने सांगितलं म्हणजे झालं. सरांच्या आकड्यावर गाव केर काढायचं, अक्का जेवायच्या.

मग अक्कांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी बजावलं की सहा तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही. सर त्या दिवशी शाळेत आले, नकाशावर जळगावाभोवती कंपासने एक वर्तुळ काढलं आणि मला बोलावून दाखवलं. गाडीने, बसने, सहा तासांत जिथे पोचता येतं तेवढं जग. त्यात धुळे होतं, नाशिक होतं, बोदवड-भुसावळ होतं. मुंबई नव्हती. गाडीला आठ तास लागायचे. म्हणजे जगातलं प्रत्येक विमानतळ त्यांना ठाऊक होतं आणि परदेशी विमानं सुटणाऱ्या सगळ्यात जवळच्या विमानतळापर्यंतही जाता येत नव्हतं. गोलावरच्या त्या एका अपुऱ्या सेंटिमीटराने त्यांना अडवलं होतं.

"अक्कांना समजावून सांगा की," मी म्हणालो.

"चाळीस वर्षं सांगतोय," ते म्हणाले आणि वर्तुळ जास्त ठळक केलं.

किशोर न्यूयॉर्कला स्थिरावला. एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास त्याचं सरांना पत्र आलं. दादीसा जाताना सांगून गेली होती की त्या मास्तरांना एकदा विमानात बसव. किशोरने लिहिलं होतं की तुम्ही फक्त पासपोर्ट आणि व्हिसा करा, तिकीट मी पाठवतो, तारीख तुम्ही ठरवा. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू त्यात काय लिहिलंय ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळणार होतं.

पुढचे दोन महिने त्यांनी एक योजना आखली. कुठलाही टप्पा सहा तासांच्या वर जाता कामा नये. जळगाव-नाशिक, मग नाशिक-मुंबई. मुंबई-दुबई. दुबई-रोम पावणेसहा तास, जेमतेम. रोम-लंडन. लंडनहून अटलांटिकच्या पलीकडे न्यूफाउंडलंड नावाच्या बेटावर उतरायचं, आणि तिथून न्यूयॉर्क. प्रत्येक टप्प्याला उतरलो की अक्का इकडे जेवेल. उतरणं म्हणजे पोचणं का, हेही त्यांनी अक्कांना विचारून घेतलं होतं. अक्कांचा निवाडा असा होता की खाली उतरून पाणी प्यालास तर पोचलास, नुसतं टेकलास तर नाही. मुंबईच्या एका प्रवासकंपनीला त्यांनी सात टप्प्यांचा हा मार्ग लिहून पाठवला. उत्तर आलं, की त्या बेटावर हल्ली तुमच्या सोयीचं कुठलंही विमान उतरत नाही, आणि तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते ते कळवल्यास मदत करू.

तेव्हा मीच त्यांना म्हणालो, की अक्कांना पाच तास सांगा आणि जा. त्या जेवतील, तुम्ही हवेत असाल, कुणाचं काही बिघडणार नाही.

"तिला खोटा आकडा?" एवढंच ते म्हणाले. पण चार दिवसांनी मला संध्याकाळी घरी बोलावलं, बहुधा साक्षीदार म्हणून. अक्का मेथी निवडत होत्या.

"अक्का, अमेरिकेला जायचं म्हणतोय."

"किती वेळ लागस तठे जावाले?"

"पाच तास."

अक्कांचे हात थांबले. "नि वरनी मिनिटं?"

सर मेथीची एक काडी उचलून निवडू लागले.

"तू धुयाले जास तरी दोन तास पस्तीस मिनिटं म्हनस. अमेरिकाले वरनी मिनिटंच नहीत?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने निदान सरावाच्या आकड्याने सुरुवात करायला हवी होती. सरांनी खाली मान घातली आणि खरं ते सगळं सांगून टाकलं. मुंबईचे आठ तास, तिथून पुढचे वीस तास पस्तीस मिनिटं, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही. अक्कांनी मेथीची जुडी संपवली. मग म्हणाल्या, "मंग माले शिकनं पडी."

शिकायचं ते हे, की भाऊ वाटेवर असताना जेवायचं.

असा अभ्यास मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिला नाही. रविवारी सर सकाळच्या बसने धुळ्याला निघत. तिथे त्यांचं काहीच काम नसे. पोचायचं, चहा प्यायचा आणि परतीची बस धरायची. इकडे माझी बायको सुमन अक्कांसमोर ताट ठेवून बसे. पहिल्या रविवारी अक्कांनी भाकरीचा घास मोडला आणि हातात धरून ठेवला, दोन तास पस्तीस मिनिटं. सुमन सांगत होती की घास वाळून कडक झाला तरी खाली ठेवला नाही. दुसऱ्या रविवारी घास तोंडात गेला, पण गिळवेना. गाल फुगवून बसल्या, बोलता येईना, आणि वेळ भरल्यावर एकदम गिळला. सुमनला हसू आवरेना, तशा अक्काही हसल्या. तिसऱ्या रविवारी सुमनने वांग्याचं भरीत केलं होतं. बस पारोळ्याच्या आसपास असेल तेव्हा अक्कांनी डोळे मिटले आणि अर्धी भाकरी खाल्ली. मग उरलेली अर्धीही खाल्ली. मग उठल्या आणि सुमनकडे झाडू मागितला, तोही भावाची बस धुळ्याला टेकण्याआधी.

सर संध्याकाळी धडधाकट परत आले. मी तिथेच होतो. अक्का दारातच उभ्या होत्या, निकाल लागलेल्या मुलीसारख्या.

"तू पारोळाले व्हतास, नि मी जेवनू."

"वा," सर म्हणाले. "चांगलं झालं." हातपाय धुऊन आत गेले. त्या दिवशी ते स्वतः जेवले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

आता अडथळा उरला नव्हता. पासपोर्ट आला. त्यातल्या फोटोत सर कुणीतरी पकडून आणल्यासारखे दिसत होते, पण पासपोर्टात सगळेच तसे दिसतात. व्हिसासाठी एकदा मुंबईला जाऊन यायचं होतं. पहिल्या वेळी सहामाहीचे पेपर तपासायचे होते. दुसऱ्या वेळी सर्दी. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की अक्काची साखर वाढली आहे. त्याच दुपारी अक्का आमच्याकडे येऊन दोन वाट्या शेवया खाऊन गेल्या होत्या. किशोरची पत्रं येत राहिली, मग लांबत गेली, मग नुसतं दिवाळीचं कार्ड येऊ लागलं. सर त्याला उत्तर पाठवत, आणि खाली हल्लीच्या विमानांना तिकडे यायला किती कमी वेळ लागतो तेही लिहीत.

एकदा अक्का आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मग मला म्हणाल्या, "मी जेवनू ना, भाऊ. तरी बी तो गया नही."

मी आत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं.

सरांनी मला फक्त एकदा काही सांगितलं, तेही मी न विचारता. पेपर तपासत बसलो होतो. ते म्हणाले, "त्या तिसऱ्या रविवारी बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पण पारोळा आलं आणि वाटलं, आता अक्का जेवत असेल. आपल्यामागे कुणी अडून बसलेलं नाही. एवढी भीती वाटली हो. उतरून घरी पळावं असं वाटलं." मग पुढचा पेपर ओढला आणि हिमालय दक्षिणेला दाखवणाऱ्या मुलाला शून्य दिलं.

अक्का मात्र सुधारल्या. सुमनबरोबर बोदवडला एका लग्नाला गेल्या आणि चार दिवस राहून आल्या. तिथे पोटभर जेवल्या, आणि घरी दामू काय खात असेल याची चौकशी फक्त दोनदा केली.

नंतर दोन-तीन वर्षांनी शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. प्रमुख पाहुणे कुणी मोठे उद्योगपती होते आणि ते स्वतःच्या छोट्या विमानाने येणार होते. ही बातमी निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावाहून मोठ्या अक्षरांत छापली होती. शाळेला सुट्टी देऊन सगळ्यांना गावाबाहेरच्या धावपट्टीवर नेण्यात आलं. मुलांच्या हातात कागदी झेंडे. दोन तास उन्हात उभं राहिल्यावर विमान आलं. पाहुणे उतरले, हार पडले, अध्यक्षांनी स्वागताचं भाषण तिथेच सुरू केलं आणि वाऱ्याने ते सगळं शेताकडे नेलं. सगळे पाहुण्यांकडे बघत होते. सर विमानाच्या उघड्या दारातून आत बघत होते. दोन पावलं पुढे, मग आणखी दोन. मी त्यांच्याबरोबर गेलो.

वैमानिक तरुण, पुण्याकडचा होता. त्याने विचारलं, "यायचंय का काका? आता धुळ्याला जातोय, दुसरे एक पाहुणे तिथे थांबलेत. जाताना विमान रिकामंच आहे. परत येऊन इथेच सोडतो. तासाभराचा खेळ."

"धुळ्याला किती लागतात?" सरांनी विचारलं.

"वीस मिनिटं. वाऱ्यावर आहे."

"तेच म्हणतोय," सर म्हणाले. "वारा आज पश्चिमेचा आहे. बावीस धरा."

वैमानिक त्यांच्याकडे बघून हसला आणि हात पुढे केला. दाराला चार पायऱ्या होत्या. सर पहिल्या पायरीवर चढले. दुसरीवर चढले. हात दाराच्या कडेवर ठेवला आणि मान आत घातली. आत खुर्च्या होत्या, पट्टे होते, एका खुर्चीवर पाहुण्यांचं वर्तमानपत्र पडलेलं. ते तसेच वाकून उभे राहिले. मग मान बाहेर काढून माझ्याकडे वळले.

"मला चौथा तास आहे," ते म्हणाले.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. त्यांचे सगळे विद्यार्थी झेंडे घेऊन शंभर पावलांवर उभे होते. सर खाली उतरले, माझा दंड धरला आणि मला पायरीवर चढवलं. "तुम्ही जा. जागा कशाला रिकामी जायची?"

मी गेलो. याबद्दल मला अजून बरं वाटत नाही, आणि नाही म्हणालो असतो तरी बरं वाटलं नसतं. दार बंद झालं, विमान धावलं, उडालं आणि धावपट्टीवरून वळलं. खिडकीतून खाली सगळं दिसलं. मांडव, हार, अध्यक्ष, झेंडे. पाहुण्यांना विसरून सगळी माणसं तोंड वर करून विमानाकडे बघत होती. एकट्या सोनवणे सरांची मान खाली होती. ते मनगटावरच्या घड्याळात बघत होते.